शर्यतीच्या घोड्याची पैदास: घोडीच्या निवडीपासून पहिल्या शर्यतीपर्यंत

शर्यतीचा घोडा स्वतः पैदा करायचा असे कुणी ठरवले, की बोलणे लगेच नरावर जाते. कोणत्या स्टॅलियनकडे न्यायचे, त्याची किती पोरे जिंकली, यंदा कोणाची चलती आहे. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला मी आधी थांबवतो आणि घोडीकडे बघायला सांगतो. नामांकित नराकडे एका हंगामात शंभराहून जास्त घोड्या येतात, त्यामुळे त्याचे गुणदोष काही वर्षांतच जगजाहीर होतात. घोडी मात्र वर्षाला एकच शिंगरू देते. त्या शिंगरात तिचे निम्मे रक्त तर येतेच, शिवाय अकरा महिने तिचे गर्भाशय, पहिल्या दिवशी तिचा चीक आणि पुढचे पाच-सहा महिने तिचे दूध व वागणे यांवर ते उभे राहते. अर्बन सी या घोडीने १९९३ साली प्री द लार्क द त्रियोंफ ही शर्यत जिंकली आणि नंतर गॅलिलिओ व सी द स्टार्स हे दोन पुत्र दिले. दोघांचे बाप वेगवेगळे, आणि दोघांनीही एप्समची डर्बी जिंकली, एकाने २००१ मध्ये, दुसऱ्याने २००९ मध्ये.

थरोब्रेड कशाला म्हणतात

थरोब्रेड ही शर्यतीच्या घोड्यांची बंद जात आहे. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नराकडची वंशरेषा तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या चार-पाच दशकांत हे घोडे इंग्लंडात आले. डार्ली अरेबियन १७०४ साली अलेप्पोहून आला. आजचे दहापैकी नऊहून अधिक थरोब्रेड नराकडून त्याच्याच घराण्यातले आहेत. याचे मोठे श्रेय १७६४ साली जन्मलेल्या एक्लिप्सला जाते. तो १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. १७९१ साली जनरल स्टड बुक ही वंशावळीची नोंदवही इंग्लंडात सुरू झाली आणि पुढे देशोदेशी तशा नोंदवह्या झाल्या.

नवख्याने यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. शिंगराचे आई-बाप दोघेही नोंदणीकृत थरोब्रेड असले पाहिजेत, आणि दोघांचा संयोग नैसर्गिकच झाला पाहिजे. इतर जातींत चालणारे कृत्रिम रेतन, भ्रूण-प्रत्यारोपण किंवा क्लोनिंग इथे चालत नाही. तसे जन्मलेले पिल्लू थरोब्रेड म्हणून नोंदवलेच जात नाही.

घोडी कशी निवडावी

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये घोडीचे पान उघडले, की ठळक अक्षरांतली नावे डोळ्यांत भरतात. याला ब्लॅक टाइप म्हणतात. ग्रुप किंवा लिस्टेड अशा वरच्या दर्जाच्या शर्यती जिंकलेल्या किंवा त्यांत क्रमांक मिळवलेल्या घोड्यांनाच तो मान मिळतो. पान भरलेले दिसले म्हणून भुलू नका. ठळक नावे कोणत्या पिढीत आहेत ते बघा. घोडीची स्वतःची पिल्ले, तिची भावंडे आणि तिच्या आईची भावंडे यांत दम असेल तर पान खरे. सगळी कीर्ती पणजीच्या वेळची असेल, तर ती आता पातळ झाली आहे. आणखी एक रिवाज ठाऊक हवा: घोड्यांच्या जगात सावत्र भाऊ म्हणजे एकाच आईचा. बाप एक आणि आई वेगळी असेल तर त्यांना भावंडे म्हणतच नाहीत, कारण मोठ्या नराची अशी पोरे शेकड्यांनी असतात.

कागद वाचून झाला की घोडी समोर उभी करून बघा. समोरून पाहताना छातीपासून खुरापर्यंत पाय सरळ रेषेत यावा. बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला असेल, तर तो मोठा दोष समजावा. भरधाव धावताना गुडघ्याच्या पुढच्या हाडांवर त्याने जादा ताण येतो. थोडा पुढे झुकलेला गुडघा त्या मानाने परवडतो. मग तिला सपाट, कडक जमिनीवर चालवून समोरून आणि मागून पाय कसे पडतात ते पाहा. चालीत सैलपणा आणि लांब पावले हवीत.

यानंतर येते ती गोष्ट बरेच जण टाळतात: घोडी आई होण्याच्या लायकीची आहे का? पशुवैद्याकडून गर्भाशयाची सोनोग्राफी, स्वॅब आणि वय जास्त असेल तर अस्तराची बायॉप्सी करून घ्या. योनिमुखाची ठेवण आडवी असेल, तर हवा आणि शेण आत जाऊन जंतुसंसर्ग होतो. त्यावर कॅस्लिक नावाची टाक्यांची छोटी शस्त्रक्रिया करतात. ते टाके विण्याआधी उघडायचे असतात, हे तारखेसकट तबेल्याच्या वहीत लिहून ठेवा. पंधराच्या पुढे वय गेले की गर्भधारणेचे प्रमाण घसरत जाते. दोन-तीन वर्षे रिकामी राहिलेली घोडी स्वस्तात मिळाली, तर ती स्वस्त का आहे याचे उत्तर मिळाल्याशिवाय व्यवहार करू नये.

घोडी स्वतः मोठी शर्यत जिंकलेलीच हवी असे मला वाटत नाही. नताल्मा ही घोडी गुडघ्याच्या दुखापतीने तीन वर्षांची असतानाच शर्यतीतून बाहेर पडली आणि हंगाम संपता संपता तिला नराकडे नेले. २७ मे १९६१ रोजी तिला पहिले शिंगरू झाले, तेही उशिराचे आणि बुटके. ते नॉर्दर्न डान्सर. १९६४ ची केंटकी डर्बी त्याने जिंकली, आणि पुढे नर म्हणून तो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी घोड्यांत गणला गेला.

नराची जोडी

आता नराकडे या. नियम साधा आहे: घोडीत जो दोष आहे, तोच दोष नरात नसावा. मात्र उलट टोकाचा नर लावला की शिंगरू बरोबर मधले निघेल, असेही नाही. बुटक्या घोडीला अवाढव्य नर लावून बेढब पिल्लू मिळालेले पुष्कळांनी पाहिले आहे. ज्या अंगात घोडी उणी आहे, त्या अंगात नर नेटका आणि प्रमाणबद्ध असला म्हणजे पुरे.

अंतराचा विचारही इथेच करायचा. मायोस्टॅटिन या जनुकाच्या रूपावरून घोडा कमी अंतराला चालेल की लांब पल्ल्याला, याचा अंदाज बांधता येतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. साधारणपणे सी-सी रूपाचे घोडे झटपट वेगाचे, टी-टी रूपाचे दमाचे आणि सी-टी मधल्या अंतराचे असतात. चाचणी रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावर होते. एवढे ध्यानात असू द्या, की ती अंतर सांगते, दर्जा सांगत नाही.

वंशावळीत एकच पूर्वज दोन्हीकडून आला असेल तर तो ३×४ असा लिहितात, म्हणजे बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत. इतपत जवळीक नेहमीची आहे. त्याहून जवळ जाऊ नये असे माझे मत आहे. बंद जातीत रक्त आधीच घट्ट झालेले असते.

आणि नराचे मोल केवळ त्याच्या कोल्टवर, म्हणजे मुलग्यांवर, मोजू नका. सेक्रेटरिएटने १९७३ ची बेल्मॉन्ट स्टेक्स ही शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली. नर म्हणून त्याच्याकडून जेवढी आशा होती तेवढी त्याच्या मुलग्यांनी पुरी केली नाही. पण त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी जन्मले, आणि ते दोघेही आपापल्या काळातले थोर नर ठरले.

माज, प्रकाश आणि तारीख

शर्यतीच्या जगात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस एकाच दिवशी धरतात: उत्तर गोलार्धात १ जानेवारी, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि मेमध्ये जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार महिन्यांचा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळ्यांना लवकरचे पिल्लू हवे असते. पण ३१ डिसेंबरला जन्मलेले पिल्लू दुसऱ्याच दिवशी एक वर्षाचे ठरेल! म्हणून उत्तरेत हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो.

घोडीचे शरीर मात्र दिवस मोठा होऊ लागला की जागे होते. थंड प्रदेशात फेब्रुवारीत तिला माजावर आणायचे, तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात दिवे लावून नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून १६ तासांचा दिवस करतात. परिणाम दिसायला आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून जानेवारीत दिवे लावून उपयोग नाही.

माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते आणि त्यातले पाच ते सात दिवस घोडी नराला येऊ देते. ती माजावर आली का हे टीझर, म्हणजे फक्त माज तपासण्यासाठी ठेवलेल्या घोड्याच्या साहाय्याने पाहतात. मध्ये भक्कम आडोसा ठेवून त्याला तिच्याजवळ आणले, की माजावरची घोडी शेपूट बाजूला करते, मागचे पाय फाकवून बसकी उभी राहते आणि थोडे थोडे मुतते. माजावर नसेल तर कान पाडते, किंचाळते, लाथ झाडते. ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज सुटणे, माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी होते. पशुवैद्य सोनोग्राफीत फॉलिकलचा, म्हणजे बीजाच्या पिशवीचा, आकार बघून दिवस सांगतो. त्याआधीच्या ४८ तासांत संयोग झाला तर एकदाच पुरतो. मोठ्या फार्मवर नराला रोज अनेक घोड्या असतात, त्यामुळे एकाच खेपेत काम होणे दोघांच्याही हिताचे.

गाभण घोडी

पहिली सोनोग्राफी ओव्ह्युलेशननंतर १४ ते १६ दिवसांनी, आणि ही तारीख चुकवू नये. कारण जुळे. थरोब्रेड घोडीत दोन बीजे सुटणे नवलाचे नाही, पण तिचे गर्भाशय दोन शिंगरे पोसू शकत नाही. जुळी बहुधा मध्येच गाभडतात, आणि त्यात घोडीच्या जिवालाही धोका असतो. सोळाव्या दिवसापर्यंत दोन्ही गर्भपिशव्या गर्भाशयात फिरत्या असतात, तेव्हा अनुभवी पशुवैद्य हाताने एक दाबून नाहीशी करतो आणि दुसरी नीट वाढते. साधारण ३५ दिवसांनंतर गर्भाशयात अशी रचना तयार होते, की गर्भ गेला तरी घोडी त्या हंगामात सहसा पुन्हा माजावर येत नाही. म्हणजे वर्ष गेलेच. दुसरी तपासणी २८ व्या दिवसाच्या सुमारास करून हृदयाचे ठोके पाहावेत.

गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा, त्यात तीनेक आठवडे मागेपुढे होणे सामान्य. पहिल्या सात-आठ महिन्यांत गाभण आहे म्हणून चंदी वाढवण्याची गरज नसते. चांगले गवत आणि क्षार पुरे. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, तेव्हा प्रथिने आणि तांबे, जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा तोल सांभाळून खुराक वाढवावा. घोड्यांच्या हर्पीस विषाणूने गाभडू नये म्हणून पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात लस देतात. धनुर्वात आणि इतर लसींचा डोस विण्याआधी चार ते सहा आठवडे द्यावा, म्हणजे प्रतिपिंडे चिकात उतरतात. घोडीला दुसरीकडे विवायचे असेल तर त्याच सुमारास तिकडे हलवावे. तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद तिच्या चिकात यायला तेवढा वेळ लागतो.

विण्याची रात्र

दोन ते चार आठवडे आधी कास भरू लागते. शेवटच्या एक ते चार दिवसांत सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब सुकलेले दिसतात. शेपटीच्या बुडाजवळचे स्नायू सैल पडतात. घोड्या बहुधा रात्री, आजूबाजूला सामसूम असताना वितात, तेव्हा पहारा द्यायचा तो दुरून आणि गुपचूप.

घोडी घामाघूम होते, फेऱ्या मारते, कुशीकडे वळून बघते. मग पाणी फुटते, आणि तिथपासून घड्याळ लावायचे. पाचेक मिनिटांत पांढरट, चकचकीत पडदा दिसला पाहिजे आणि आत पुढचा एक खूर. दुसरा खूर पहिल्याच्या वीतभर मागे असतो, त्यामुळे खांदे एकाच वेळी अडकत नाहीत, आणि नाक गुडघ्यांवर टेकलेले असते. खुरांचे तळवे खाली हवेत. ते वर असतील किंवा नाक सापडत नसेल, तर घोडीला उठवून चालते ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. आणि पांढऱ्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली, तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. तेव्हा कुणाची वाट न पाहता ती पिशवी लगेच फाडायची आणि पिल्लाला ओढून घ्यायचे. ही वेळ पशुवैद्य येईपर्यंत थांबत नाही, म्हणून पहाऱ्यावरच्या प्रत्येक मोतद्दाराला हे आधीच शिकवून ठेवलेले असावे.

सगळे सुरळीत असेल तर वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर येते. खुरांच्या टोकाला मऊ, पिवळसर, झालरीसारखे आवरण असते, आईला आतून इजा होऊ नये म्हणून. उभे राहून चालू लागले की ते झिजून जाते. नाळ कापू नका. दोघे जरा निपचित पडून राहतात, मग कुणी हलले की ती आपोआप तुटते. बेंबीला सौम्य क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावा आणि बाजूला व्हा.

इथून एक-दोन-तीन मोजा: एका तासात शिंगरू उभे, दोन तासांत आचळाला लागलेले, तीन तासांत वार पडलेली. यातले काही चुकले तर पशुवैद्याला फोन करा. पडलेली वार पसरून ती पूर्ण आहे का हे बघा. छोटा तुकडा आत राहिला तरी घोडीला जंतुदोष होऊन खुरांपर्यंत त्रास जातो.

चीक हा पहिल्या दिवसाचा सगळ्यात मोठा विषय आहे. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे शिंगरापर्यंत जात नाहीत. ते जन्मते तेव्हा त्याच्यापाशी जंतूंशी लढायला काही नसते आणि आतडे चिकातली प्रतिपिंडे शोषते ते फक्त पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिल्या आठ-दहा तासांत सर्वाधिक. १८ ते २४ तासांच्या दरम्यान रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी आयजीजी चाचणी करा. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आकडा हवा. कमी आला तर शिरेतून प्लाझ्मा द्यावा लागतो. ज्या घोडीला भरपूर चीक आहे तिचा थोडा काढून गोठवून ठेवावा, दुसऱ्या एखाद्या पिल्लाच्या कामी येतो.

वाढीची दोन वर्षे

शिंगराचे पाय जन्मतः थोडे वाकडे असणे नवे नाही आणि बरेचसे आपोआप सुधारतात. पण वाट किती बघायची याला मर्यादा आहे. फेटलॉक, म्हणजे खुरावरच्या सांध्याजवळची हाडाची झपाट्याची वाढ पहिल्या तीन महिन्यांत उरकते. गुडघ्यापाशी ती जास्त काळ चालते. म्हणून महिन्याच्या वयापासून दर चार आठवड्यांनी नालबंदाने खूर तासावेत आणि पशुवैद्याने पाय पाहावेत.

पाच-सहा महिन्यांनी दूध तोडतात. सगळ्या आया एकदम दूर न करता कळपातून एक-एक आई काढली तर पिल्ले कमी घाबरतात. गुबगुबीत पिल्लू लिलावात छान दिसते, पण धान्य जास्त झाले की हाडांच्या आणि सांध्यांच्या वाढीत दोष शिरतात. मोकळे कुरण आणि सोबती हवेतच. याच काळात डीएनए चाचणीने आई-बाप पक्के करणे, मायक्रोचिप बसवणे, अंगावरच्या खुणा नोंदवणे ही कागदपत्रे उरकतात. नाव बहुतेक देशांत मधल्या मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांत बसवावे लागते.

दीड वर्षाच्या सुमारास खोगिराची ओळख. आधी लगाम, मग लांब दोरीवर गोल फिरवणे, मग पोटाला पट्टा, मग रिकाम्या जिनाचे ओझे. स्वार पहिल्यांदा पाठीवर बसत नाही, पोटावर आडवा पडतो आणि घोडा शांत राहिला की अलगद पाय टाकतो. चार ते सहा आठवडे याला द्यावेत. घाईत चढलेल्या स्वाराची भीती घोड्याच्या मनातून पुढे वर्षभर जात नाही.

ट्रेनिंग आणि पहिली शर्यत

ट्रेनरकडे गेल्यावर रोज चाल, दुडकी आणि हलकी दौड, आणि तयारी झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदाच वेगाची दौड असा क्रम असतो. दोन वर्षांच्या घोड्याची हाडे वेगाच्या छोट्या छोट्या डोसांनी मजबूत होतात. एकदम जादा काम दिले की नडगीचे हाड दुखावते. चांगला ट्रेनर रोज पहाटे काम सुरू होण्यापूर्वी घोड्याच्या पुढच्या पायांवरून वरून खाली हात फिरवतो. मागच्या बाजूच्या स्नायुबंधावर कालच्यापेक्षा किंचित ऊब लागली, तरी त्या दिवशी दौड रद्द. स्नायुबंध फाटण्याआधी बहुधा अशी सूचना मिळते.

घोड्याचे शरीर या कामासाठी विलक्षण आहे. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० ठोके देणारे हृदय भरधाव धावताना २२० च्या वर जाते, आणि प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. धावताना दर झेपेला एक श्वास असे दोन्ही बांधलेले असतात.

शर्यतीचे अंतर फर्लांगात किंवा मीटरमध्ये देतात. एक फर्लांग म्हणजे सुमारे २०१ मीटर. १००० ते १२०० मीटर म्हणजे स्प्रिंट, १६०० म्हणजे माइल, २४०० म्हणजे डर्बीचे अंतर. पहिली शर्यत बहुधा मेडन, म्हणजे अजून एकही न जिंकलेल्या घोड्यांची. जिंकू लागला की हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांची प्रतवारी करणारा अधिकारी, त्याला गुण देतो आणि त्यानुसार पाठीवर वजन चढते. सर्वांत वर लिस्टेड आणि मग ग्रुप ३, २, १ या शर्यती. ग्रुप १ मध्ये वय आणि लिंग यांनुसारच वजन ठरते, आधीच्या यशाची शिक्षा नसते.

पहिल्या शर्यतीत निकालापेक्षा धाव बघा. गेटमधून कसा सुटला, गर्दीत शिरायला कचरला का, शेवटच्या २०० मीटरमध्ये दम होता का, दुसऱ्या दिवशी चंदी संपवली का. सहावा येऊनही शेवटी जोरात येणारा घोडा पुढच्या खेपेला अंतर वाढवून पाहण्याजोगा असतो. जमीन मऊ होती की कडक तेही लिहून ठेवा. कित्येक घोडे एकाच प्रकारच्या जमिनीवर खुलतात. २००६ साली त्या वेळचा लिलावाचा विक्रम मोडून विकला गेलेला द ग्रीन मंकी तीनदा धावला आणि एकदाही जिंकला नाही, तेव्हा पहिल्या एक-दोन शर्यतींवरून मोठे बोलणे टाळलेले बरे.

घोडा पंचवीस वर्षांच्या वर जगू शकतो आणि बहुतेकांच्या शर्यती त्याच्या चतुर्थांश वयात संपतात. नर म्हणून फार थोड्या कोल्टना जागा मिळते. बाकीच्यांसाठी दुसरी स्वारी, दुसरे घर आणि त्याचा खर्च हे शिंगरू जन्मण्याआधीच हिशेबात धरलेले असावे. फिलीला, म्हणजे तरुण घोडीला, मात्र स्टड फार्मची, म्हणजे पैदाशीच्या फार्मची, वाट मोकळी असते. शर्यतीतून आलेल्या फिलीची चंदी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा, नाल काढा, तिला इतर घोड्यांसोबत कुरणात सोडा. ट्रेनिंगचा ताण आणि कडक खुराक यांतून बाहेर पडून तिचे माजाचे चक्र नियमित व्हायला काही महिने लागतात. हंगामाच्या तोंडावर आणून लगेच नराकडे नेण्यापेक्षा शरद ऋतूतच आणली, तर हिवाळ्यात तिच्या अंगावर थोडे मांस चढते आणि डिसेंबरात दिवे लावण्याच्या वेळेपर्यंत ती फार्मवर रुळलेली असते.